छोट्या ट्रॅक्टरसाठी ओंडके उचलायचा चिमटा: हायड्रॉलिक पाइप न जोडता वर्कशॉपमध्ये कसा बनवायचा

आपल्याकडच्या २० ते २८ एचपीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना मागे हायड्रॉलिकचं एकच तोंड असतं, तेही ट्रॉलीचा जॅक उचलण्यापुरतं. तेल एकाच दिशेने दाब देतं, परत येतं ते ट्रॉलीच्या वजनाने. अशा ट्रॅक्टरवर दोन्हीकडून चालणारा सिलिंडर लावून जबडा उघडायचा-मिटायचा म्हटलं, की वेगळा व्हॉल्व्ह, चार पाइप आणि गळतीची कटकट मागे लागते. सुदैवाने ओंडका धरायला सिलिंडर लागतच नाही. कात्रीसारखा चिमटा ट्रॅक्टरमागच्या थ्री-पॉइंटच्या (तीन दांड्यांच्या) लिफ्टवर टांगला की उचलताना ओंडक्याच्याच वजनाने त्याचे दात आवळले जातात. हा लेख अशाच चिमट्याबद्दल आहे.

चिमटा किती पक्का धरेल, हे लोखंडाच्या जाडीपेक्षा पिना कुठे आहेत यावर ठरतं. आणि किती वजन ओढता येईल, ते चिमट्यावर नव्हे तर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ठरतं.

आधी वजनाचा हिशोब

ओलं लाकूड पाण्याइतकंच जड धरून चाला, म्हणजे घनमीटरला १००० किलो. बाभूळ त्याहून थोडी जड भरते, पण हिशोबाला हा आकडा पुरतो. टेपने घेर मोजा, ३.१४ ने भागा, व्यास मिळेल. ९५ सेंमी घेराचा, म्हणजे ३० सेंमी व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका सुमारे २१० किलो भरतो. १२५ सेंमी घेराचा, ४० सेंमी व्यासाचा तेवढ्याच लांबीचा ओंडका ३७५ किलोच्या आसपास जातो. व्यास १० सेंमीने वाढला, तर वजन जवळजवळ पावणेदोनपट झालं. डोळ्यांचा अंदाज इथेच चुकतो.

आपण ओंडका पूर्ण उचलणार नाही. एक टोक उचलून दुसरं जमिनीवरून ओढायचं, म्हणजे लिफ्टवर साधारण निम्मं वजन येतं. ३७५ किलोच्या ओंडक्याचे १९० किलो आणि चिमटा-सांगाड्याचे ५० ते ६०, असे अडीचशे किलो झाले. छोट्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत उचल क्षमता ७५० किलो लिहिलेली असली, तरी ती खालच्या लिंकच्या, म्हणजे लिफ्टच्या खालच्या दोन दांड्यांच्या, टोकाशी मोजलेली असते. वजन मागे सरकलं की ती घटते, म्हणून टांगण्याची जागा लिंकच्या पिनांपासून ३०० मिमीपेक्षा मागे नेऊ नका.

इथून पुढची सगळी मापं ४० सेंमी व्यासापर्यंतच्या ओंडक्यासाठी आहेत. त्याहून जाड बुंधा मध्ये कापून लांबी कमी केली, तरी तो या जबड्यात बसणार नाही. त्याला साखळीच लावावी लागेल.

जबड्याची आखणी

हे काम घाईत उरकू नका, बाकीचं सगळं यावर उभं आहे. १२ मिमी प्लाय किंवा जुना हार्डबोर्ड घ्या आणि आधी लाकडी नमुना करा.

प्रत्येक जबड्यावर तीन बिंदू असतात: मधली पिन, खालच्या दाताचं टोक आणि वरचं, हूककडे जाणारी टांगणीची पट्टी जिथे जोडते ते भोक. मधल्या पिनेपासून दाताचं टोक ३८० मिमी, मधल्या पिनेपासून वरचं भोक २२० मिमी, आणि वरचं भोक ते दाताचं टोक हे सरळ अंतर ५८७ मिमी. या तीन मापांनी त्रिकोण आखला की कोनमापकाची गरज पडत नाही. मधल्या पिनेपाशी १५५ अंशांचा कोन आपोआप येतो, म्हणजे वरचा हात सरळ रेषेपासून २५ अंश बाहेर वळतो. कोनाची पोकळ बाजू ओंडक्याकडे हवी.

हे २५ अंश का? जबडा सरळ ठेवला, तर बारीक ओंडक्यावर चिमटा मिटताना वरची दोन्ही टोकं जवळ येतात, टांगणीच्या पट्ट्या जवळजवळ उभ्या होतात आणि आवळणारा जोर संपतो. दातांमध्ये १२ सेंमी अंतर असताना सरळ जबड्याचा प्रत्येक दात टांगलेल्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतकाच दाबतो. तोच जबडा २५ अंश वळवला, की दाब वजनाच्या सुमारे ०.३८ पट होतो. ३० सेंमीला तो ०.६ पट आणि ५० सेंमी उघडल्यावर जवळजवळ वजनाइतका. जड ओंडक्यावर जास्त आवळ, हलक्यावर कमी, आणि आपल्याला हेच हवं आहे.

मधल्या पिनेपासून दातापर्यंतचा खालचा हात सरळ ठेवला तर तो ओंडक्यालाच टेकेल, दात आतपर्यंत पोचणारच नाहीत. म्हणून तो बाहेरच्या बाजूला फुगवा. पिन ते दात या सरळ रेषेपासून हाताची मध्यरेषा सर्वात लांबच्या जागी ९५ मिमी बाहेर हवी. या हाताची रुंदी मधल्या पिनेपाशी १०० मिमी, फुगवट्यापाशी ७५ आणि दातापाशी ५० ठेवा. पिनेपाशी रुंदी कमी करायचा मोह टाळा: सगळा वाकवणारा जोर तिथेच येतो आणि बुशचं भोकही तिथेच पडतं.

प्लायचे दोन जबडे एका बोल्टवर जोडून ४०, ३० आणि १५ सेंमीच्या ओंडक्यांवर प्रत्यक्ष बसवून पाहा. दात ओंडक्याच्या मध्यरेषेच्या खाली गेले पाहिजेत, जाड ओंडक्यात ६ ते ८ सेंमी. मध्यरेषेवर किंवा वर अडले, तर धरणं फक्त घर्षणावर राहतं आणि ओंडका निसटतो.

लागणारं सामान

एक जबडा २० मिमी प्लेटचा, एकेरी. दुसरा १० मिमीच्या दोन प्लेटांचा, एकेरी जबडा मधोमध घेणारा. दोन्ही एकेरी करून शेजारी-शेजारी लावले, तर वजन आल्यावर ते पिनेवर तिरके होतात आणि दात एकमेकांना चुकवून जातात. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव यांसारख्या एमआयडीसींमध्ये प्रोफाइल कटिंग करणारे भेटतात, त्यांना कागदी नमुना किंवा कॉम्प्युटरवरच्या आराखड्याची डीएक्सएफ फाइल दिली की कडा स्वच्छ मिळतात. गॅसने कापलं तरी चालतं, पण कडेच्या खाचा ग्राइंडरने पूर्ण घासून काढा. तडा त्या खाचेतूनच सुरू होतो.

मधली पिन ३० मिमी, ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची. तिच्यासाठी बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी: बाहेरून ४२ मिमी, आतून ३०.२, लांबी २४ मिमी. तो २० मिमीच्या जबड्यात वेल्ड करायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना २-२ मिमी बाहेर राहील आणि वॉशरचं काम तोच करेल. दुहेरी जबड्याच्या प्लेटांमध्ये २५ मिमी अंतर ठेवा. वेल्डिंगच्या उष्णतेने बुश आतून आवळला जातो, म्हणून लेथवाल्याकडून आधी २९.५ पर्यंतच आतून कापून घ्या आणि शेवटचा हात वेल्डिंगनंतर मारा. ग्रीस निपल पिनेच्या टोकाला, आत आडवं भोक काढून.

वरच्या जोडासाठी २० मिमीच्या पिना आणि ५० मिमी रुंद पट्ट्या, भोकापासून भोकापर्यंत २५० मिमी. दुहेरी जबड्यात मधोमध एक २० मिमी जाड पट्टी, एकेरी जबड्याला दोन्ही बाजूंनी १० मिमीच्या दोन. अशाने वर एकत्र येताना त्या आपोआप एकात एक बसतात. वरची सामाईक पिन २५ मिमीची. तिच्यावर १० मिमीच्या दोन कानपट्ट्या आणि २५ मिमी गोल सळईची कडी.

टांगायला फिरता हूक लागतो. चेन पुली ब्लॉकच्या दुकानात २ टनी, जिभेचा हूक मिळतो, तो घ्या. फिरता नसलेला हूक लावलात, तर वळणावर ओंडका चिमट्याला पिळतो आणि पिळाचा सगळा भार मधल्या पिनेवर जातो. हूक सांगाड्याला ३.२५ टनी, १६ मिमीच्या शॅकलने (आडव्या पिनेच्या यू-कडीने) जोडा. शॅकलवर क्षमता कोरलेली असली पाहिजे, बिनछापाचा घेऊ नका.

सांगाड्याला ७५ × ४० चा चॅनल सुमारे ४ मीटर, ६५ × १२ ची पट्टी २ मीटर आणि कोपऱ्यांच्या आधारांना १० मिमी प्लेटचे तुकडे. प्लेटचं वजन काढायची सोपी रीत अशी: जाडीच्या मिमीला ७.८५ ने गुणलं की एका चौरस मीटरचे किलो मिळतात.

दात

इथे बरेचजण ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा कापून सरळ वेल्ड मारतात आणि तिसऱ्या-चौथ्या ओंडक्याला तो तुकडा काचेसारखा निखळतो. पाट्याचं पोलाद कडक असतं, वेल्डिंगनंतर एकदम थंड झालं की वेल्डच्या शेजारी ते ठिसूळ बनतं. पाटाच वापरायचा असेल, तर तो आणि जबड्याचं टोक २०० ते २५० अंशांपर्यंत तापवा, ७०१८ नंबरचा कोरडा वेल्डिंग रॉड वापरा आणि झाल्यावर चुन्यात किंवा कोरड्या राखेत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्या. त्याच्यावर पाणी कधीही ओतू नका.

याहून सोपा मार्ग म्हणजे दात साध्या एमएसचाच (मऊ पोलादाचा), २५ मिमी जाड, ४० रुंद, ८० लांब ठेवून टोकावर हार्डफेसिंग रॉडचे, म्हणजे न झिजणारा कडक लेप देणाऱ्या रॉडचे, दोन थर द्यायचे. घासला की पुन्हा थर मारता येतो. घरच्या कामाला हाच बरा.

टोक छिन्नीसारखं धारदार करू नका. ४० ते ४५ अंशांचं बोथट टोक सालीतून आत शिरतं आणि तिथे थांबतं. धारदार टोक लाकूड चिरत जातं. प्रत्येक जबड्याला एकच दात ठेवा: ओढताना ओंडक्याचं मागचं टोक जमिनीच्या चढ-उतारांप्रमाणे वर-खाली व्हायला हवं, आणि समोरासमोरचे दोन दात बिजागरीसारखे ते होऊ देतात. बाजूला दोन-दोन दात लावले तर ओंडका जबड्याला पिरगळतो.

दुहेरी जबड्यात दोन प्लेटांना जोडणारे तुकडे मधल्या पिनेपासून १२० मिमीच्या आत बसवू नका, नाहीतर एकेरी जबडा त्यांवर अडेल आणि चिमटा पूर्ण उघडणारच नाही. ही चूक सगळं वेल्ड झाल्यावरच लक्षात येते. आधी टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारून उघड-मीट करून बघा.

उघडा ठेवायचा टेकू

हवेत टांगला की चिमटा स्वतःच्या वजनाने मिटतो. म्हणून वरच्या दोन पिनांमध्ये २५ × ८ पट्टीचा टेकू लावायचा. एक टोक एका पिनेवर फिरतं, दुसऱ्या टोकाला खाली तोंड असलेली खाच, ती समोरच्या पिनेवर बसते. जबडा ५० सेंमी उघडल्यावर पिनांमधलं अंतर साधारण ४०० मिमी येतं, पण टेकूची लांबी प्रत्यक्ष मोजूनच कापा. टेकूच्या मध्यापासून एक दोरी सीटपर्यंत.

काम असं चालतं: उघडा चिमटा ओंडक्यावर सोडला, मधली पिन ओंडक्याला टेकली, पट्ट्या ढिल्या पडल्या, दोरी ओढली, टेकू निघाला, लिफ्ट उचलली, दात आवळले. चिमटा लटकत असताना टेकू दाबाखाली असतो, त्यामुळे दोरी ओढली तरी तो निघत नाही. हे चांगलंच आहे, म्हणून खाच उथळ करून तो ‘हलका’ करू नका. खाचेची खोली पिनेच्या निम्म्या व्यासाइतकी हवी. दोरी हाताला किंवा सीटला बांधून ठेवायची नाही.

सांगाडा

आधी आपल्या ट्रॅक्टरची मापं घ्या. कॅटेगरी १ ला, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरांच्या थ्री-पॉइंटच्या ठरलेल्या मापाला, खालच्या पिना २२ मिमीच्या आणि वरची १९ मिमीची असते, खालच्या दोन पिनांच्या खांद्यांमधलं अंतर ६८३ मिमी आणि वरची पिन त्यांच्यापासून ४६० मिमी उंच. अरुंद छोट्या ट्रॅक्टरांवर यापेक्षा कमी अंतर असतं, म्हणून पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका.

खालचा आडवा दांडा दोन चॅनल समोरासमोर मिटवून केलेल्या पेटीचा. त्याच्यावर ६५ × १२ च्या दोन उभ्या पट्ट्या, वर टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या दांड्याच्या) पिनेपाशी एकत्र येणाऱ्या. तिथून मागे ३०० मिमीवर टांगणीची कडी, आणि कडीपासून खालच्या दांड्यापर्यंत तिरका चॅनल. बाजूने पाहिलं की त्रिकोण दिसला पाहिजे. टांगणीची कडी नुसत्या आडव्या हातावर, खालच्या आधाराशिवाय ठेवली तर हात पहिल्याच पावसाळी हंगामात वाकलेला दिसेल.

कडी वर का? हूकपासून दातापर्यंत चिमट्याची उंची सुमारे ९५० मिमी भरते. खालचे लिंक पूर्ण उचलल्यावर ७५० मिमीवर जात असतील आणि कडी त्यांच्या वर ४५० मिमी असेल, तर कडी १२०० वर येते आणि ओंडक्याचं टोक जमिनीपासून जेमतेम १५ सेंमी उचललं जातं. ओढायला तेवढंच पुरतं. कडी खालच्या दांड्याच्या पातळीला ठेवली, तर चिमटा उचलूनही ओंडका जमिनीवरच राहील.

पण उंच टांगणीचा एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्या. ओंडका बुडख्यात किंवा दगडात अडकला आणि तुम्ही क्लच सोडला, तर ओढ १.२ मीटर उंचीवरून बसते आणि ट्रॅक्टरचं तोंड क्षणात उचलतं. त्यासाठी खालच्या दांड्याच्या मधोमध १२ मिमी प्लेटवर किल्लीच्या भोकासारखी खाच करा: वर साखळी जाईल एवढं गोल, खाली एकच कडी अडकेल एवढी चीर. १० मिमीची ग्रेड ८० (भार उचलायची मजबूत) साखळी ओंडक्याला फास मारून या खाचेत अडकवली, की ओढ खालून जाते आणि चिमटा फक्त टोक उचलून धरतो. लांबचं अंतर, चढ किंवा जड ओंडका असेल तेव्हा ही साखळी लावायचीच.

वेल्डिंगला ३.१५ मिमीचा ७०१८ रॉड, ११० ते १३० अँपिअर. १० मिमीपेक्षा जाड कडांना चँफर (तिरका उतार) काढून आधी मुळाचा रन, मग वरचे. कोपऱ्याचा वेल्ड ८ मिमी भरावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ दमट होतो आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. रॉड ३०० ते ३५० अंशांच्या भट्टीत तासभर भाजून घ्या, भट्टी नसेल तर नवं बंद पाकीट त्याच दिवशी फोडा.

पहिली चाचणी

रंग आधी देऊ नका, तडे झाकले जातात. २०० किलोचा ओंडका धरा, टोक १५ सेंमी उचला, इंजिन बंद करून दहा मिनिटं लांबून बघा. लिफ्ट हळूहळू बसत असेल तर तो हायड्रॉलिकचा दोष, चिमट्याचा नाही. मग ३५० किलोच्या ओंडक्यावर तेच करा. नंतर बुश, दात आणि टांगणीच्या कडीचे वेल्ड डाय पेनिट्रंटने (तडे दाखवणाऱ्या रंगाने) तपासा: स्वच्छ करायचा, लाल आणि पांढरा असे तीन डबे, अर्ध्या तासाचं काम. लाल रेघ दिसली तर तो वेल्ड पूर्ण घासून पुन्हा करा, वरून रन मारू नका.

पुढच्या चाकांवरचं वजनही मोजा. वजनकाट्यावर ओंडका टोकाने उचललेल्या स्थितीत फक्त पुढची चाकं चढवा. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान २० टक्के तिथे राहायला हवं. कमी असेल तर बंपरवर वजनं लावा. काट्यावर जाणं शक्य नसेल, तर मोकळ्या सपाट जागेत अगदी हळू वळून पाहा. स्टेअरिंग हलकं लागलं आणि चाक वळूनही ट्रॅक्टर सरळच जात असेल, तर वजन कमी आहे.

वापरताना

ओंडका टोकापासून ३० सेंमी आत धरा. अगदी कडेला धरला तर दात लाकूड फोडून बाहेर येतात, आणि फळीला जाणाऱ्या सागाचं टोक वाया जातं. ताज्या तोडलेल्या निलगिरीची साल ओली असताना सुटते, दात सालीत रुतलेले दिसतात आणि ओढल्यावर ओंडका सालीतून निसटतो. दोन बाजूंची साल कोयत्याने तळहाताएवढी काढून मग धरा. ओंडका जमिनीत रुतलेला असेल तर पहारीने टोक उचलून खाली लाकडाचा तुकडा सरकवा, दातांना खाली जायला जागा मिळते.

चेक चेन, म्हणजे खालच्या लिंकना बाजूला डोलू न देणाऱ्या साखळ्या, आवळून ठेवा, नाहीतर वळणावर सांगाडा डोलतो आणि ओंडका मागच्या टायरला घासतो. टॉप लिंकची लांबी अशी ठेवा, की लिफ्ट मध्यावर असताना सांगाडा उभा राहील. पूर्ण उचलल्यावर कडी सीटकडे झुकते, तेव्हा किती अंतर उरतं ते रिकाम्या चिमट्यानेच पाहून घ्या. पीटीओ (मागचा फिरता शाफ्ट) बंदच ठेवा.

उतारावर आडवं चालू नका, सरळ खाली किंवा सरळ वर. उतरताना ओंडका मागून ढकलत आला तर लिफ्ट खाली सोडा, जमिनीला टेकलेला ओंडकाच ब्रेकचं काम करतो. टांगलेल्या ओंडक्याजवळ कोणीही उभं राहायचं नाही, आणि दात काढायला हात कधीच जबड्यात घालायचा नाही. ओंडका जमिनीवर टेकवा, पट्ट्या ढिल्या होऊ द्या, मग बाहेरून पहारीने जबडा उघडून टेकू बसवा.

दर आठ तास कामानंतर मधल्या पिनेला ग्रीस, रोज सकाळी शॅकलच्या पिनेला बांधलेली तार आणि हूकची जीभ बघायची. बुशमध्ये १ मिमीपेक्षा जास्त खेळ आला की बदला: दात एकमेकांसमोर यायचे थांबतात आणि चिमटा तिरका धरू लागतो. दात १० मिमी झिजले की हार्डफेसिंगचा थर परत द्या.

झाड आपल्या बांधावरचं असलं, तरी तोडण्याआधी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याखाली आणि गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते का ते वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि लाकूड शेताबाहेर नेणार असाल तर वाहतूक परवान्याचंही.